पाव्हण्याचा चहा

११ एप्रिल २०१६

प्रति,
श्रीमती फरीदाबी रहमतुल्ला,
मु. पो. परळी वैजनाथ
विषय : समक्ष भेटीस येण्याबाबत

फरीदा,

वर बद्रीनाथने काय लिहिलंय ते सोडून दे. जन्मभर सोसायटीचा सेक्रेटरी होता, विषय टाकल्याशिवाय त्याला पत्र सुरू करता येत नाही. मी म्हटलं, अरे, मैत्रिणीला लिहायचंय, खताची मागणी नाही करायची. तर म्हणतो, काकू, विषय नसला की पत्र फायलीत हरवतं. तू इथून ऐक.

ऐक म्हणते, कारण वाचता तुलाही येत नाही. म्हणजे मी बोलणार, बद्रीनाथ लिहिणार, तिकडे तुझी नात वाचणार आणि तू ऐकणार. दोन अडाणी म्हाताऱ्यांच्या मध्ये दोन शिकलेली माणसं. रुकसाना, बाळा, मोठ्याने वाच. तुझी दादी डाव्या कानाने तेव्हाच कमी ऐकायची, आणि नको ते बोलणं निघालं की मुद्दाम डावा कान पुढे करायची.

मी केशर. खर्ड्याच्या रस्त्यावरच्या हॉटेलातली. चव्वेचाळीस वर्षांनी ओळख सांगावी लागते. गेल्या महिन्यात माझ्या नातवाने, गहिनीनाथने, तुझ्या हबीबचा नंबर शोधून फोन लावून दिला. मी नुसतं "फरीदा" म्हटलं आणि तू ठेवून दिलास. म्हणजे आवाज ओळखलास. मला तेवढंही पुष्कळ झालं. पण फोन ठेवून देता येतो, पत्र घरातच पडून राहतं. म्हणून पत्र.

इकडचं काय सांगू. दुष्काळ आहे. टँकर आठव्या दिवशी येतो, जनावरं छावणीवर आहेत, आणि हॉटेलात शिरणारं गिऱ्हाईक चहाच्या आधी पाण्याचा जग कुठे ठेवलाय ते बघतं. बहात्तरला निदान सगळे सारखे तहानलेले होते. तुमच्या परळीचं वीजकेंद्र म्हणे पाण्यावाचून बंद पडलंय. म्हणजे तुझ्या वाळवणावर राख पडायची थांबली असेल. दुष्काळाचा तेवढा एक उपकार.

रहमतुल्लाभाई गेल्याचं एका ट्रकवाल्याकडून कळलं होतं. आमचे हे जाऊन अकरा वर्षं झाली. जिवंतपणी कधी नाव घेतलं नाही, आता घ्यायला कोण अडवतंय. राधाकिशन. बघ, काही झालं नाही.

आता मुद्द्याचं. रस्ता मोठा होणार आहे. मोजणीवाले येऊन गेले. हॉटेल पूर्ण जातंय, आणि स्वयंपाकघरामागचा कडुलिंब जातोय. लिंबावर लाल रंगात नंबर टाकलाय. बद्रीनाथ म्हणतो सत्तेचाळीस. अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी मशीन येणार. गहिनीनाथला दुःख नाही. तो पलीकडे नवीन हॉटेल बांधतोय, काचेचं, आत गार हवेचं. मेनूकार्डाच्या मागे त्याला हॉटेलचा इतिहास छापायचाय. त्यात पहिल्या चहाचं लिहिणार म्हणाला.

तुला पहिला चहा ठाऊक नाही. तो तू इथे नसताना सुरू झाला. रोज सकाळी चूल पेटली की पहिला कप मी विकत नाही. मागे जाते आणि लिंबाच्या बुंध्याशी ओतते. आमचे हे गिऱ्हाईकांना सांगायचे, लढाईत पडलेल्या शिपायांसाठी आहे. लोकांना ते आवडलं. एका पेपरातही आलं होतं म्हणे. गहिनीनाथ ते "रणांगणावरील वीरांना" असं काहीतरी छापणार आहे. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

तू मशीन यायच्या आत ये. एकदा ये आणि लिंबाखाली बस. का ते विचारू नकोस. का ते सांगायला तोंड माझं आहे, पण हात बद्रीनाथचा आहे.

तुझी केशर
(शेजारी डाव्या हाताचा अंगठा)


२० एप्रिल २०१६

संदर्भ : आमचे दि. ११ चे पत्र
विषय : हॉटेलचा इतिहास व इतर

फरीदा,

तुझं उत्तर नाही. पोस्टमनला विचारलं तर म्हणतो, आजी, आता पत्र लिहितं कोण. मी म्हटलं, मी. हसला आणि गेला.

गहिनीनाथने बद्रीनाथला बसवलंय, काकूकडून इतिहास लिहून घ्या म्हणून. बद्रीनाथ म्हणतो, एकदाच सांगा, मी दोन प्रती करतो, एक मेनूकार्डाला, एक परळीला. म्हणून तुला ठाऊक असलेलंच सांगतेय. कंटाळा आला तर डावा कान पुढे कर.

तर लढाई. निजामाची आणि पेशव्याची. ती तिकडे खर्ड्याला झाली, पण पळणारं लष्कर कुठेही पळतं, ते आपल्या माळावरून पळालंच असणार, असं आमचे हे गिऱ्हाईकाला छातीठोक सांगायचे. अजून प्रोफेसर लोक येतात. कपाळावर हात धरून माळाकडे बघतात, निजाम इकडे होता, पेशवे तिकडे होते म्हणतात, मग मला विचारतात संडास कुठे आहे.

बासष्ट साली आम्ही पाया खणला. खणताना नारळाएवढा लोखंडी गोळा निघाला. तोफेचा. आमचे हे तालुक्याला दाखवायला निघाले होते, मी म्हटलं राहू दे, मिठाचे खडे फोडायला बरा आहे. दीड वर्षं मी त्याने मीठ फोडलं. त्याच वर्षी रहमतुल्लाभाईंनी शेजारी छपरी घातली, पंक्चरची आणि ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे बसवायची. आणि मागून तू आलीस, नवी नवरी, हातभर बांगड्या. चार दिवसांत माझ्या चुलीशी बसून भजी तळायला लागलीस. गावातल्या कडक सोवळ्याच्या म्हाताऱ्या पडद्याआडून तुझ्या हातची भजी मागवायच्या आणि मला म्हणायच्या, केशर, तुझ्या हाताला चव आहे. आठवतंय? आपण दोघी तोंडाला पदर लावून मागे पळायचो.

मग बाबा. बद्रीनाथ समोर बसलाय, त्याला ठाऊक आहे तशीच सांगते. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपासून दहा पावलांवर दगडांचा ढीग होता, त्यावर तो गोळा. खाली लढाईतला कुणी शिपाई झोपलाय असं लोक म्हणायचे. कुठल्या बाजूचा ते कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून कुणी नारळ फोडायचं, कुणी चादर घालायचं. गुरुवारी ट्रक थांबायला लागले. बद्रीनाथला लग्नानंतर सात वर्षांनी मुलगा झाला तो बाबाच्या नवसाने. हे त्याने स्वतःहून लिहिलंय, मी नाही सांगितलं.

आणि सत्तरच्या भाद्रपदात तुला मुलगा झाला. सहाव्या दिवशी गेला. त्या दिवशी ओढ्याला एवढं पाणी होतं की कब्रस्तानापर्यंत जाता येईना. आज सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही, या मुलखात पाण्याने वाट अडवली म्हणून. तू म्हणालीस, मग बाबाच्या शेजारी ठेवा, त्याला सोबत होईल. रहमतुल्लाभाईंनी आणि दोन ट्रकवाल्यांनी नमाज पढून त्याला तिथे ठेवलं. मी भिंतीआडून बघत होते. माझ्या तोंडाशी काहीतरी आलं होतं. मी गिळलं.

बहात्तरला पाऊसच आला नाही. दिवाळीनंतर सगळं गाव दुष्काळी कामाला, खडीवर. तू आईच्या आजारपणाला परळीला गेलतीस, ते तुला न दिसलेलं आता सांगते. सोसायटीने विहीर पाडायची ठरवली. चेअरमन विठ्ठलराव. आसाराम पाणाड्याला आणलं. तळहातावर नारळ आडवा ठेवून त्याने चपला काढून सगळा माळ पालथा घातला. नारळ कुठेच उठेना. उठला तो बाबाच्या पायथ्याशी. शेंडी वर करून असा उभा राहिला की बायका रडायला लागल्या.

पण बाबाला कोण हात लावणार? पाच दिवस टिकाव तसेच पडून होते. बायका दोन कोसांवरून पाणी आणत होत्या, आणि पुरुष पारावर बसून बाबा कोपेल का याचा विचार करत होते. सहाव्या दिवशी मी विठ्ठलरावांना सांगितलं की बाबा माझ्या स्वप्नात आले आणि म्हणाले, मला रस्त्यापलीकडे हलवा, माझ्या जागेवरचं पाणी लेकरांना पाजा. बद्रीनाथ तेव्हा पोरगेलासा कारकून होता, त्याने तसा ठराव लिहिला. वाजतगाजत बाबा रस्त्यापलीकडे गेले. अजून तिथेच आहेत. गोळ्याला आता रुपेरी रंग दिलाय.

पंधरा दिवसांनी तू आलीस तेव्हा विहीर पंधरा हात खाली गेली होती. तू काठावर उभी राहिलीस. पुढचं तुला ठाऊक आहे.

बद्रीनाथ म्हणतो, मेनूकार्डाला एवढं नको. एवढं मेनूकार्डासाठी नव्हतंच.

ये. लिंब अजून उभा आहे.

केशर


२८ एप्रिल २०१६, गुरुवार

संदर्भ : आपले विनातारखेचे पत्र
विषय : खुलासा

फरीदा,

तुझं पत्र आलं. एकच ओळ. बद्रीनाथने तीनदा वाचून दाखवली. "दादी म्हणतात, तिथे आता माझं काय राहिलंय." रुकसानाचं अक्षर मोत्यासारखं आहे म्हणे. खाली तुझा अंगठा आहे, निळ्या शाईचा. पत्रावर अंगठ्याची गरज नसते म्हणून बद्रीनाथ हसत होता. मी कागद त्याच्याकडून घेतला. त्यातलं तेवढंच मला वाचता येत होतं. मधोमध चीर आहे ती भज्यांच्या कढईने भाजल्याची. मीच हळद लावली होती.

तिथे तुझं काय राहिलंय, असं विचारतेस. राहिलंय. पण ते सांगायचं तर आधी दुसरं सांगावं लागतं. आणि आज नेमका गुरुवार. बद्रीनाथ बाबाला फूल वाहून सरळ इकडे आलाय, अंगाला उदाचा वास आहे. मी त्याला म्हटलं, आज नको, उद्या लिहू. तो म्हणतो, काकू, मशीनला बाराच दिवस राहिलेत. खरंच आहे. माझ्याजवळ दुसरा लिहिणारा नाही. गहिनीनाथला सांगितलं तर तो मेनूकार्डात छापेल.

तेव्हा बद्रीनाथ, लिही. थांबायचं नाही. मी बोलते तसंच लिही.

फरीदा, त्या ढिगाखाली कुणीच नव्हतं.

तो ढीग मी घातला. चौसष्टच्या उन्हाळ्यात. ट्रकवाले उतरले की सगळे स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लघवीला जायचे. वासाने चुलीशी बसवत नव्हतं. यांना सांगितलं, हे म्हणाले गिऱ्हाईकाला कसं बोलायचं. मग मी चार पाट्या दगड टाकले, वर मीठ फोडायचा गोळा ठेवला आणि पहिल्या ड्रायव्हरला म्हटलं, "अरे, तिकडं जाऊ नको, तिथं लढाईतला शिपाई झोपलाय." तो हात जोडून दहा पावलं मागे सरला. मी पोट धरून हसले. दुसऱ्या आठवड्यात त्याच ड्रायव्हरने अगरबत्ती लावली, आणि मला ती विझवता आली नाही. तिसऱ्या महिन्यात चादर आली. तुला सांगणारच होते, तू हसली असतीस. पण एक दिवस तू तिथे डोळे मिटून उभी दिसलीस, आणि मग

येथे लेखन थांबवले. — ब.


१ मे २०१६

फरीदा,

आज वर काही नाही. विषय नाही, संदर्भ नाही. मी विचारलं, तर बद्रीनाथ म्हणाला, काय विषय टाकू, तुमीच सांगा.

मागचं पत्र अर्धं राहिलं कारण तो उठून गेला. चप्पलही उलटी घालून गेला. दोन दिवस आला नाही. मी आपली रोज खुर्ची पुसून ठेवत होते. आज सकाळी आला, आणि बसायच्या आधी म्हणाला,

"काकू, मग माझा नवस कुणी पुरा केला?"

"तू अन् तुझ्या बायकोनं," मी म्हटलं. "आणखी कोण येणारंय?"

त्याला हसू आलं नाही. मलाही येत नव्हतं, पण सवय आहे. तो रस्त्यापलीकडे बाबाकडे बघायला लागला. मग म्हणाला, "मी गुरवारी जाणारच हाय. सांगून ठेवतो." मी म्हटलं, जा बाबा, पन्नास वर्षं लोकांनी तिथे खरे अश्रू गाळलेत, ते काय मी आणून ओतले नव्हते. मग त्याने टोपण काढलं. दोन्ही पत्रं एकाच पाकिटात घालतोय. रुकसाना, इथून पुढे वाचताना दादीच्या जवळ बस. हात धर.

स्वप्नही खोटं होतं, ते आता तुला कळलंच असेल. एका चेष्टेवर मारलेली दुसरी थाप. बायकांच्या डोक्यावरचे हंडे बघून मला राहवलं नाही. विठ्ठलरावांनी दुसऱ्याच दिवशी मिरवणूक काढायची ठरवली, त्याच्या दुसऱ्या दिवशी खोदकाम. बाबाला हलवायचं सगळ्यांना सुचलं. शेजारी तुझं लेकरू आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. रहमतुल्लाभाई ट्रकबरोबर सोलापूरला पाटे आणायला गेलते, ते तुझ्याबरोबरच परत आले. तू परळीला.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, सगळे खडीवर असताना मी मागे गेले. हॉटेलात एक म्हातारं गिऱ्हाईक पेंगत होतं, बाकी कुणी नाही. पाडव्याला यांच्यासाठी आणलेलं कोरं धोतर मी पेटीतून काढलं होतं. खुरप्याने उकरलं, मग खुरपं ठेवून हाताने. किती थोडं होतं ते तुला सांगत नाही. सगळं घेतलं. मातीसुद्धा घेतली.

लिंब तेव्हा माझ्या कमरेएवढा होता. त्याच्या बुंध्याशी खड्डा केला. रहमतुल्लाभाईंनी त्याला उजव्या कुशीवर ठेवलं होतं, तोंड मावळतीकडे, ते मी भिंतीआडून पाहिलं होतं. तसंच ठेवलं. मला तुमची दुवा येत नव्हती, आणि आमच्यातलं काही म्हणणं बरं दिसलं नाही. मी म्हटलं, पाव्हण्या, आता इथं ऱ्हा. चूल जवळ हाय, ऊब लागंल.

तेव्हापासून तो पाव्हणा. मला दुसरं नाव ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला चहा झाला, कप हातात होता, आणि मला वाटलं पाव्हण्याला आधी द्यावा. बहात्तरच्या त्या दिवसांत, कपभर पाणी मोजून मिळत होतं तेव्हाही, चुकला नाही. आमचे हे चिडायचे. मग त्यांनीच शिपायांची गोष्ट काढली, गिऱ्हाईकांना बायको वेडी वाटू नये म्हणून. त्यांनाही मी खरं सांगितलं नाही. गेले तेव्हा ते शिपायांचाच चहा समजून गेले.

आता तो दिवस. तू विहिरीच्या काठावर उभी राहिलीस. रहमतुल्लाभाई खाली बघत होते. विठ्ठलराव म्हणाले, सगळा मुरूम रस्त्याच्या भरावात गेला, आता शोधणार तरी काय. तू त्यांच्याकडे बघितलंसच नाही. वळून माझ्याकडे आलीस आणि सगळ्यांसमोर विचारलंस,

"केशर, तू हात लावलास का माझ्या लेकराला?"

मी म्हटलं, "न्हाई."

मला वाटलं तू दोष द्यायला विचारतेस. मला वाटलं, पुरलेलं लेकरू परक्या बाईने, परक्या जातीच्या हाताने उकरून काढलं हे तुला मुरमात गेल्याहून वाईट वाटेल. शिवाय हो म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस की मग बाबाच्या सोबतीला का नाही नेलंस, आणि मग ढिगाचं सांगावं लागलं असतं, आणि सगळं गाव तिथे उभं होतं. हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं, आणि तोंडातून एकच शब्द बाहेर आला.

आठ दिवसांत छपरी उतरवून तुम्ही परळीला गेलात. जाताना तू भज्यांची कढई माझ्या दारात ठेवून गेलीस, घासून, पालथी.

त्यानंतर मी बोलावून सांगू शकले असते. परळी काही काळ्या पाण्यावर नाही. पहिल्या वर्षी लाज होती. पाचव्या वर्षी वाटलं तू आता विसरली असशील. विसाव्या वर्षी वाटलं मीच विसरेन. आणि आता या चैत्रात, लिंबावर लाल रंग मारून तो माणूस गेला, आणि मी तिथे खाली बसले होते, आणि तुझा प्रश्न जसाच्या तसा कानात आला. तुझा आवाज. त्यात राग नव्हता, फरीदा. चव्वेचाळीस वर्षं मी तो रागाचा समजून बसले. तू हो ऐकायला विचारलं होतंस. कुणीतरी हात लावला असेल, निदान केशरने लावला असेल, असं तुला वाटत होतं.

मी लावला होता.

विहिरीला पाणी लागलं, हेही सांगून टाकते. आसारामचा नारळ खरा निघाला. दोन वर्षं गाव त्यावर जगलं. मग सोसायटीच्या ठरावाने पाइप विठ्ठलरावांच्या मोसंबीकडे वळला. तो ठरावही बद्रीनाथने लिहिला. आता मान खाली घालून लिहितोय. विहीर आज कोरडी आहे, गिऱ्हाईकं तिच्यात रिकाम्या बाटल्या टाकतात. कशासाठी केलं म्हणशील तर आता दाखवायला काही नाही.

मशीन दहा तारखेला येणार. त्याला तसंच सोडलं तर या वेळी खरंच भरावात जाईल. मी पुन्हा काढू शकते, हात अजून चालतात. पण या वेळी तुला विचारल्याशिवाय हात लावणार नाही. तू सांग. परळीच्या कब्रस्तानात नेतेस की आणखी कुठे ते तू ठरव. नुसतं सांगून पाठवलंस तरी चालेल. मला भेटायचं नसेल तर मी त्या दिवशी आत बसेन, तोंड दाखवणार नाही.

केशर


८ मे २०१६, रविवार

फरीदा,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. बद्रीनाथ म्हणतो, मग लिहायचं कावून? मी म्हटलं, ती समोर आली की माझ्याच्याने बोलवणार नाही, तेव्हा तू वाचून दाखव.

काल गहिनीनाथच्या फोनवर हबीबचा फोन आला. मी कान लावून उभी होते. हबीब म्हणाला, अम्मीचा निरोप आहे, कुणीही झाडाला हात लावायचा नाही, ती सोमवारी पहिल्या गाडीने येतेय. एवढंच. मी विचारलं, आणखी काही म्हणाली? तो म्हणाला, "आज सकाळी उठून म्हणाली, धोतर कोरं होतं का ते विचार."

हबीबला सांगितलं, कोरं होतं. घडीही मोडली नव्हती.

झाडाला हात लावायचा नाही म्हणून मी आजपासूनच लिंबाखाली खाट टाकली आहे. मोजणीवाल्याचा माणूस बघून गेला. म्हणाला, आजी, हे काय? मी म्हटलं, उपोषण नाही, बाबा, पाहुणे यायचेत. गहिनीनाथला काल सगळं सांगितलं. त्याने मेनूकार्ड आधीच छापायला दिलंय, पाचशे. त्यात वीरच आहेत. राहू देत. मला वाचता येत नाही ते एका अर्थी बरं.

उद्या गाडी अंबाजोगाई, केज करत येईल. नेकनूरला चहाला थांबते, तिथला चहा घेऊ नकोस. मांजरसुंब्याला बदलून पाटोद्याच्या गाडीत बस. फाट्यावर बद्रीनाथ छत्री घेऊन उभा असेल. तुला तो आठवणार नाही, तेव्हा त्याला मिशा नव्हत्या. उन्हात डोकं झाकून ये. तू आता केवढी झाली असशील ते मला कळत नाही, माझ्या डोळ्यांसमोर हातभर बांगड्याच येतात.

कढई मी काढून ठेवली आहे. तू पालथी ठेवून गेलीस ती, तशीच होती. भजी करायला ये असं म्हणत नाही, त्याची वेळ राहिली नाही. तुझी आहे, म्हणून काढली.

फक्त एक. तो सहाव्या दिवशी गेला. नाव सातव्याला ठेवायचं होतं. रहमतुल्लाभाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण तुझ्या मनात काहीतरी असणारच, आईच्या असतं. चव्वेचाळीस वर्षं मी त्याला पाव्हणा म्हणत आलेय. पाव्हण्याने किती दिवस पाव्हणा राहायचं.

उद्या चूल पेटेल, पण पहिला चहा मी ओतणार नाही. झाकून ठेवीन. गाडी दुपारी आली तरी चालेल, तो थांबेल, त्याला सवय आहे. कप तुझ्या हातात देईन. तू ओत. आणि ओतताना त्याला नावाने हाक मार, जरा मोठ्याने मार. मी शेजारीच असेन, पण आता मलाही डाव्या कानाने कमी ऐकू येतं.